चौदा नंबर, पंधरा नंबर

हिंदुरावचं पत्र आलं तेव्हा मी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलो होतो. श्रावणातली दुपार होती. पोस्टमनने निळं आंतर्देशीय पत्र माझ्या हातात दिलं आणि काही न बोलता तो पायऱ्या उतरून गेला. एरवी बोलका माणूस. पण त्या दिवसांत आमच्या घराशी कुणी मोठ्याने बोलत नसे.

आतून आईने विचारलं, "कुणाचं रे दत्तू?"

"कुणाचं नाही."

"असं कसं? पत्र काय आपलं आपण येतं?"

"आरोग्यधामातलं आहे. तपासणीची तारीख कळवलीय."

तारीख वगैरे काही नव्हती. पेन्सिलीने लिहिलेली मोठी मोठी अक्षरं, प्रत्येक ओळ उजवीकडे उताराला लागलेली. ते अक्षर मीच त्याला शिकवलं होतं. त्याने आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र असणार. त्यात एकच प्रश्न विचारला होता: वच्छी कशी आहे?

वच्छी माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची.

पत्र मी तीनदा वाचलं, घडी घालून एका जाड पुस्तकात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. हे १९६३ साल. उत्तर द्यायला मला एक्कावन्न वर्षं लागली. आता हे लिहितानाही मी सगळं सरळ सांगेन की नाही याची मला खात्री वाटत नाही. पण प्रयत्न करतो.

*

त्याच्या आदल्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, मला क्षय झाला आणि वडिलांनी मला घाटमाथ्यावरच्या एका आरोग्यधामात नेऊन ठेवलं. लांबलचक व्हरांडा, समोर सुरूची झाडं, आणि व्हरांड्यात ओळीने चोवीस खाटा. माझी पंधरावी. चौदाव्या खाटेवर हिंदुराव ऐवळे. मिरज स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात तो कपबशा विसळायचा. आईबाप नव्हते. गावाकडे एक मामा होता, आणि मामाच्या गोठ्यात याची झोपायची जागा. चणीने एवढासा, आणि नाव हिंदुराव. म्हणून वॉर्डातले सगळे त्याला 'राव' म्हणायचे. मी सारखा पुस्तकात डोकं घालून असायचो, म्हणून मी 'मास्तर'.

"मास्तर, खरं सांगू?" एकदा सकाळचं दूध पिताना तो म्हणाला. "देवानं मला टीबी दिला ते लई बेस केलं."

"काहीतरीच बोलतोस, राव."

"काहीतरी न्हाई. पंचवीस वर्सांत 'झोप लागली का रं' म्हणून मला कुणी इचारलं हुतं? हितं सिस्टर रोज इचारती. खोटं का असंना, इचारती. सोताची खाट हाय. खाटेला नंबर हाय. हाटेलात मी मेजाखाली झोपायचो, लेका. मेजाला नंबर असायचा, मला न्हाई."

मला हसू आलं. तोही हसला. मग म्हणाला, "तुझं तसं न्हाई. तुझा जीव हितं लागत न्हाई. तुला कुठं बरं वाटतं?"

"घरी. माळ्यावर."

"माळ्यावर? मांजर हैस काय?"

मी त्याला सांगितलं. आजऱ्याच्या आमच्या घराला स्वयंपाकघरावर एक माळा होता. भाताची पोती, जुनी भांडी, आणि वडिलांनी बांधून घेतलेले मासिकांचे गठ्ठे. एक कौल काचेचं, त्याच्यातून उजेड पडायचा. तिथे बसून मी मोठ्याने वाचायचो आणि वच्छी ऐकायची. मध्येच थांबलो की माझा गुडघा हलवायची. मला त्या जागेइतकं बरं जगात कुठेच वाटलं नाही. गेले दहा महिने रात्री डोळे मिटले की मला ते काचेचं कौल दिसायचं.

"मंग तू जा बाबा घरला," हिंदुराव म्हणाला. "आनि मला ऱ्हाऊ दे हितंच. देवाला हिशेब कळत न्हाई बघ. जायचं त्याला ठेवतो, ऱ्हायचं त्याला हाकलतो."

तो थट्टेत बोलत होता, पण गोष्ट खरी होती. आरोग्यधामाचा नियम असा, की दर महिन्याला थुंकी तपासायची, आणि लागोपाठ तीन महिने निगेटिव्ह आली की रोग्याला घरी पाठवायचं. माझी दोनदा निगेटिव्ह येऊन तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह आली होती. पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आता पुन्हा दोन निगेटिव्ह झाल्या होत्या. हिंदुरावच्याही दोन निगेटिव्ह झाल्या होत्या. तिसऱ्या तपासणीला आठवडा राहिला तसं माझं जेवण तुटलं, आणि त्याचंही. मला तिसरी पॉझिटिव्ह येईल याची भीती. त्याला निगेटिव्ह येईल याची.

"मामाचा गोठा हाय न्हवं," तो सारखं म्हणायचा. "म्हशींना कुठं नंबर असत्यात."

इथून पुढचं मला नीट लिहायला हवं.

थुंकीसाठी प्रत्येकाला पत्र्याची एक डबी असायची. तपासणीच्या दिवशी सकाळी त्या डब्या एका ट्रेमध्ये ठेवून खाली प्रयोगशाळेत जायच्या. खाटेचा नंबर तैलरंगाने झाकणावर लिहिलेला असायचा. मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो, "गंमत आहे. नंबर झाकणावर असतो, डबीवर नसतोच."

एवढंच म्हणालो आणि पान उलटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर हिंदुराव माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसला. कान लाल झाले होते.

"मास्तर, एक इचार आलाय डोक्यात. तुला न्हाई पटायचा. तू शिकलेला मानूस."

"कसला?"

"आपण झाकनं बदलली तर?"

मी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"म्हंजे माजं निगेटिव तुला जाईल. तू घरला. आनि तुजं जे काय असंल ते मला. पॉझिटिव आलं तर मी ऱ्हातो. निगेटिव आलं तर मग दोघंबी जातो, नशीब. पाप हाय का त्यात?"

"नको रे, राव," मी म्हणालो.

एकदाच म्हणालो. तो आणखी दोनदा आग्रह करील हे मला ठाऊक होतं, आणि त्याने केलाही. सोमवारी सकाळी ट्रे यायच्या आधी त्यानेच दोन्ही झाकणं बदलली. मी तोंड धुवायला गेलो होतो.

*

निकाल साळवे सिस्टर वाचून दाखवायच्या. उंच, सावळ्या, कडक आवाजाच्या बाई. वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून नंबर पुकारायच्या.

"तेरा, पॉझिटिव्ह. चौदा..." त्या थांबल्या. "काय रे ऐवळे, हे काय? चांगला चालला होतास. चौदा, पॉझिटिव्ह. पंधरा, निगेटिव्ह. हळबे, तिसरी! वडिलांना पत्र टाका, न्यायला येऊ देत."

वॉर्डात टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पेढे!" मी हिंदुरावकडे पाहिलं. त्याला हवं ते मिळालं होतं. पण त्याचा चेहरा उतरला होता. मलाही कळायला क्षणभर वेळ लागला. चौदा पॉझिटिव्ह. म्हणजे मी पॉझिटिव्ह.

सिस्टर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मास्तर, ही तुजी हाय."

"माहीत आहे."

"मला वाटलं, तुजीबी निगेटिव येईल. हसून दोघंबी घरला जाऊ. आता कसं? घरात पोरगी हाय बारकी. मी जाऊन सांगतो सिस्टरला."

तो उठला. मी त्याचा हात धरला. मी भित्रा माणूस आहे. एरवी कुणाचा हात धरून मी बोललेलो नाही. त्या दिवशी बोललो.

"सांगितलंस तर दोघांनाही काढून टाकतील. तुझी खाट जाईल, राव."

हे खरं होतं की नाही मला ठाऊक नव्हतं. बहुधा नव्हतंच. साळवे सिस्टर ओरडल्या असत्या आणि मला आणखी तीन-चार महिने ठेवून घेतलं असतं, एवढंच. पण हिंदुराव खाटेवर परत बसला. बराच वेळ तो उशीच्या अभ्र्यावरचा चौदा आकडा बोटाने गिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग शपथ घे."

चार शपथा घेतल्या. ताट वेगळं. अंथरूण वेगळं. बोलताना तोंडावर फडकं. आणि पोरीला जवळ घ्यायचं नाही, गोळ्यांचं वर्ष पुरं होईपर्यंत.

"माळ्यावर एकटा बसायचं," तो म्हणाला. "कळलं? एकटा."

त्या आरोग्यधामात एक रीत होती. जग सगळं निघताना 'येतो' म्हणतं. तिथून निघणाऱ्याने मात्र 'जातो' म्हणायचं. 'येतो' म्हटलं तर माणूस परत येतो, अशी समजूत. वडील पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. हिंदुराव चादर पांघरून फाटकापर्यंत आला.

"येतो, राव," माझ्या तोंडून गेलं.

"जातो म्हन, मुडद्या!" तो ओरडला, आणि त्याचे डोळे भरले.

*

पहिले आठ दिवस मी शपथा पाळल्या. आईला म्हणालो, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. तिने ताट वेगळं काढलं, वेगळी वळकटी दिली. मी माळ्यावर बसून राहिलो. काचेच्या कौलातून उजेड पडत होता, गठ्ठे होते, पोती होती. आणि मला काहीच वाटेना. ज्या जागेसाठी मी हे केलं ती जागा मुकी झाली होती.

नवव्या दिवशी शिडीखालून आवाज आला.

"दादा, मोठ्याने वाच की. मी खाली बसते. खाली म्हणजे जवळ नव्हे ना?"

मी फडक्याआडून वाचू लागलो. समुद्रात हरवलेल्या एका जहाजाची गोष्ट होती.

"ऐकू येत नाही. तोंडावर बोळा कोंबल्यासारखं वाचतोस."

मी फडकं खाली केलं.

शिडीला सात पायऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वच्छी पहिल्या पायरीवर बसली. "पायरी काही माळा नव्हे," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुसरी पायरी. रोज वर चढताना ती माझ्याकडे बघायची, मी रागावतो का ते बघायला. मी पुस्तकात बघायचो. चौथ्या पायरीवरून तिचं डोकं माळ्याच्या वर आलं. दोन वेण्या, कपाळावर काजळाचा फराटा.

"आई रागावेल," मी म्हणालो.

"आई रानात गेलीय. आणि तू बराच झालायस ना? बरा झालास म्हणूनच सोडलं ना तुला?"

"हो," मी म्हणालो.

सातव्या पायरीनंतर पायरी उरली नाही. ती येऊन माझ्या शेजारी पोत्याला टेकून बसली. मी थांबलो की गुडघा हलवायची. चैत्र आणि अर्धा वैशाख असे गेले. लिहायला लाज वाटते, पण लिहितो: ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. त्यानंतर पुन्हा तसं सुख मिळालं नाही, आणि मी ते मागितलंही नाही.

वैशाखाच्या अखेरीला तिचं डोकं दुखू लागलं. मग उलट्या, ताप. आईने दृष्ट काढली. मान ताठ झाली तेव्हा वडिलांनी तिला गाडीत घालून कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, क्षयाचाच प्रकार आहे, मेंदूवर गेलाय. शेवटचे तीन दिवस तिने कुणाला ओळखलं नाही. अकराव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं, "तुम्ही बरे होऊन आलात ना? तीन निगेटिव्ह?"

"हो," वडील म्हणाले. "कागद आहे."

"मग दुसरीकडून आलं असेल. कच्चं दूध देता का मुलीला?"

आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "रोज सकाळी. ढवळीची धार काढली की तशीच वाटी. अशक्त आहे म्हणून..."

मी तिथेच होतो, तिच्यापासून दोन हातांवर. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

घरी आल्यावर आईने ढवळी विकायला लावली. नंतर ती बावीस वर्षं जगली, आणि बावीस वर्षं तिने चहात दूध घातलं नाही. सकाळी मी तिच्यासमोर बसून तसाच काळा चहा प्यायचो. तिला वाटायचं, मी तिच्या दुःखात सोबत करतोय. एकदा म्हणालीही, "तू तरी दूध घाल रे. पाप माझं आहे, तुझं नाही."

मी माझा पेला घेऊन उठलो.

आणि माझा आजार? आरोग्यधामाने दिलेल्या गोळ्या मी वर्षभर नियमाने घेतल्या. बरा झालो.

*

हिंदुरावचं पत्र असं होतं:

'मास्तरला हिंदुरावचा नमस्कार. मी चवदा नंबरावर हाय. इंजेक्शन परत सुरू केल्यात. आता हितं पैल्यावानी बरं वाटत न्हाई. दूध हातात घेतलं की तुजी बहीण डोळ्यापुढं येती. ती अवदसा माज्या डोक्यातनं निघाली. तू नको म्हनालास, मीच ऐकलं न्हाई. वच्छी कशी आहे. बरी आहे एवढं लिव. तेवढं पुरे.'

'आहे' एवढा एकच शब्द त्याने मी शिकवला तसा लिहिला होता.

'बरी आहे' असं मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. खरं लिहायची हिंमत नव्हती, खोटं लिहवेना. मग दिवस गेले, वर्षं गेली. मी कोल्हापुरात एका ग्रंथालयात चिकटलो, आईवडिलांना तिथेच आणलं. लग्न केलं नाही. मनाची समजूत घातली की हिंदुराव कधीच गेला असेल; तसल्या माणसांना आयुष्य थोडंच असतं. ही समजूत मला फार उपयोगी पडली.

गेल्या महिन्यात वाचनालयात वर्तमानपत्र चाळताना आतल्या पानावर तो व्हरांडा दिसला. आरोग्यधाम बंद होणार, अशी बातमी. फोटोत मोडक्या खाटांपाशी एक वाळका म्हातारा उभा होता. खाली लिहिलं होतं की हे हिंदुराव ऐवळे, वय शहात्तर. इथे रोगी म्हणून आले, इथेच वॉर्डबॉय झाले, निवृत्तीनंतरही आवारातल्या खोलीतच राहतात. बातमीदाराने पुढे एक वाक्य लिहिलं होतं. तरुणपणी घेतलेल्या इंजेक्शनांनी त्यांचे कान गेले, त्यामुळे सगळे प्रश्न त्यांना कागदावर लिहून द्यावे लागले.

मी ते वाक्य कितीदा वाचलं सांगता येणार नाही. दुसऱ्या वेळची ती इंजेक्शनं त्याला नको होती. ती माझी होती.

त्या दिवशी घरी येऊन मी लिहायला बसलो. माफी कशी मागायची ते मला कळेना, म्हणून मागितली नाही. आधी लिहिलं, तू बरा आहेस का. ते खोडलं. शेवटी राहिलं ते एवढंच:

'प्रिय राव, वच्छी त्याच वर्षी ज्येष्ठात गेली. मी तिसरी शपथ मोडली, मग चौथी. झाकणांचा विचार तुझा नव्हता. नंबर झाकणावर असतो हे मी मुद्दाम तुझ्या कानावर घातलं आणि तू बोलायची वाट पाहिली. तुझी खाट जाईल हेही मी खोटंच म्हणालो. एक्कावन्न वर्षं तू जे माथ्यावर घेऊन बसला असशील ते तुझं नाही, माझं आहे. खाली ठेव. दत्तात्रय हळबे.'

सकाळी पोस्टात गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, उलटं-सुलटं केलं.

"आजोबा, रजिस्टर करायचंय ना? पाठवणाऱ्याचा पत्ता नाही यावर."

"नसला तर चालणार नाही?"

"कसं चालेल? तिकडून उत्तर आलं तर येणार कुठं?"

माझ्या मागे रांगेत चार माणसं होती. त्यांतला एक जण म्हणाला, "काका, आवरा जरा."

मी बाजूला झालो नाही. तिने खिडकीतून पेन पुढे केलं. मी आधी नाव लिहिलं, मग घर नंबर, मग गल्ली. ओळ उजवीकडे उताराला लागली. तिने पाकीट परत घेतलं, दोनदा शिक्का मारला, आणि मान वळवून मागच्या पोत्यात टाकलं.

"पुढचे," ती म्हणाली.